कामावर जाताना झालेला अपघात कामाचा की रस्त्याचा? भरपाईच्या कायद्यामागची गोष्ट

कामगार भरपाई म्हटलं की डोळ्यासमोर मशीन आणि तुटलेलं बोट येतं, पण कोर्टात ज्याचा वर्षानुवर्षं कीस पडत आलाय तो अपघात बऱ्याचदा गेटच्या बाहेरचा असतो.

जुना भाग पटकन उरकतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जखमी कामगार कोर्टात गेला की मालकाकडे तीन उत्तरं तयार असायची. धोका माहीत असून काम धरलंस, चूक तुझीच होती, नाहीतर चूक तुझ्याच सोबतच्या कामगाराची होती मग मी कशाला देऊ. हे तिसरं उत्तर 1837 च्या एका खटल्यातून आलं, खाटकाकडे काम करणारा पोरगा जास्त माल भरलेली गाडी मोडल्यामुळे जखमी झाला होता. पुढे जर्मनीने 1884 ला अपघात विमा आणला, ब्रिटनने 1897 ला कायदा केला, आणि आपल्याकडे 1923 चा कायदा 1 जुलै 1924 पासून लागू झाला. सौदा साधा होता, चूक कोणाची हे विचारायचं नाही, बदल्यात रक्कम ठरलेल्या हिशोबाने मिळणार, मनाला येईल तेवढी नाही. दारू पिऊन होता, मशीनचा सुरक्षेचा गार्ड मुद्दाम काढला वगैरे अपवाद आहेत, पण माणूस गेला असेल किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला असेल तर तेही चालत नाहीत. आणि ही रक्कम घेतली की त्याच अपघातासाठी मालकावर वेगळा दिवाणी दावा लावता येत नाही.

हिशोब कसा, तर मृत्यू असेल तर महिन्याच्या पगाराचा अर्धा भाग गुणिले वयाचा फॅक्टर, कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर 60 टक्के गुणिले तोच फॅक्टर. वय 30 असेल तर फॅक्टर 207.98, 40 असेल तर 184.17. म्हणजे 15,000 पगार धरला आणि वय 30 असेल तर मृत्यूची भरपाई 15,59,850 रुपये. पण गोम अशी की पगार कितीही असो, हिशोबात धरायची मर्यादा सरकार ठरवतं. ती बरीच वर्षं 4,000 होती, 2010 ला 8,000 झाली आणि जानेवारी 2020 मध्ये 15,000, म्हणजे मधली दहा वर्षं वीस-पंचवीस हजार कमावणाऱ्याच्या जिवाचा हिशोब आठ हजारावर होत होता. हे कोणाच्या सोयीचं होतं ते सांगायला नको.

कोणता अवयव गेला तर कमाईची क्षमता किती टक्के गेली असं धरायचं याचा तक्ताही आहे, अंगठा पूर्ण गेला तर 30 टक्के, तर्जनी 14. पण तक्ता म्हणजे शेवटचा शब्द नाही. एका सुताराचा डावा हात कापावा लागला, तक्त्याप्रमाणे ते अपंगत्व अर्धवट ठरत होतं, पण एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून ते 100 टक्के धरलं गेलं आणि 1975 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं. त्याच निकालात आणखी एक महत्त्वाची गोष्ट ठरली की भरपाईचं देणं अपघाताच्या दिवसापासून लागतं, ऑर्डर निघाल्यापासून नाही. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज आणि वर 50 टक्क्यांपर्यंत दंड, तो याच्यामुळेच अंगावर येतो.

आता मूळ भांडण. कायदा म्हणतो अपघात नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात झालेला हवा. चूक कोणाची हा वाद मिटला खरा, पण त्याच्या जागी नोकरी सुरू कुठे होते हा वाद येऊन बसला. 1958 मध्ये मिठागरावरच्या मजुरांची केस होती, काम संपवून खाडी ओलांडताना होडी उलटली, मजूर बुडाले, कोर्ट म्हणालं होडी सार्वजनिक होती, नोकरीचा संबंध नाही, भरपाई नाही. मग 1963 मध्ये मुंबईतला बसड्रायव्हर, ड्युटी संपवून त्याच कंपनीच्या बसने घरी निघालेला, बसला अपघात झाला आणि तो गेला, इथे मात्र भरपाई मिळाली कारण बसने फुकट ये-जा करू देणं हा नोकरीच्या व्यवस्थेचाच भाग मानला गेला. म्हणजे नोकरीची हद्द गेटच्या थोडी बाहेर ताणता येते हे मान्य, पण किती ताणायची ते ज्या त्या केसवर. 1996 ला परत माघार, सायकलवरून शिफ्टला निघालेला कामगार, फॅक्टरी जेमतेम किलोमीटरभर राहिलेली, लॉरीने उडवलं, कोर्टाने सांगितलं हा रस्ता सगळ्यांचा आहे. तर्क म्हणून ठीक आहे हो, पण शिफ्ट नसती तर तो माणूस त्या वेळी त्या रस्त्यावर असता का?

ही शेवटची केस ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची होती. ज्यांना ईएसआय लागू आहे (सध्या 21,000 पगारापर्यंत, मालकाचे 3.25 टक्के आणि कामगाराचे 0.75) त्यांना भरपाई तिथूनच मिळते, मालकाकडे वेगळी मागता येत नाही. 2010 ला ईएसआयच्या कायद्यात दुरुस्ती होऊन घर ते कामाची जागा हा प्रवास आत घेतला गेला, अट एवढीच की वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे. पण 1923 च्या कायद्यात अशी ओळच नव्हती, त्यामुळे एकाच रस्त्यावर एकाच वेळी दोन कामगार पडले तर ईएसआयवाल्याला मिळणार आणि दुसऱ्याचे घरचे कोर्टात, असला प्रकार.

तो सुटला जुलै 2025 मध्ये, आणि केस मराठवाड्यातली. सहकारी साखर कारखान्याचा वॉचमन, ड्युटी पहाटे तीनची, मोटरसायकलवरून येत होता, कारखाना साधारण पाच किलोमीटर राहिला असताना अपघातात गेला, साल 2003. कमिशनरने, म्हणजे भरपाईचे दावे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने, घरच्यांना 3,26,140 रुपये आणि 12 टक्के व्याज दिलं, विमा कंपनी अपिलात गेली, हायकोर्टाने ते रद्द केलं. सुप्रीम कोर्टाने ईएसआयच्या दुरुस्तीचाच अर्थ जुन्या कायद्यालाही लावला आणि तोही मागच्या अपघातांसकट, कारण दोन्ही कायदे एकाच कामासाठी आहेत. पहाटे तीनच्या ड्युटीला निघालेला माणूस नोकरीसाठी नाही तर कशासाठी गाडी काढतो, हे ठरायला 22 वर्षं लागली. अर्थात वाटेत मित्राकडे दोन तास बसून मग निघालात तर हा संबंध तुटला असं समोरचा वकील म्हणणारच.

ठेकेदाराच्या माणसांचं बघायचं तर कायदा पहिल्यापासून मूळ मालकालाही धरतो, तो भरतो आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करतो. मृत्यूच्या केसमध्ये घरी जाऊन विधवेच्या हातावर पैसे ठेवून कागदावर सही घेतली तर ती भरपाई धरली जात नाही, रक्कम कमिशनरकडेच जमा करावी लागते, तीन महिन्यांच्या पगाराइतका ॲडव्हान्स सोडून. तरी असे कागद होतातच, कारण हजेरीवर नावच नसलं की तो आमचा माणूस नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून हे सगळं सामाजिक सुरक्षा संहितेत गेलंय आणि प्रवासाचं कलम आता तिथे स्पष्ट लिहिलंय, अट तीच. पण ॲपवरून डिलिव्हरी करणाऱ्यांना संहितेनेच मालक-नोकर नात्याच्या बाहेरचं ठरवलंय. त्यांच्यासाठी कंपन्यांच्या उलाढालीच्या एक ते दोन टक्क्यांतून योजना करायची आहे, भरपाईचं हे प्रकरण त्यांना लागू नाही. म्हणजे ऑफिसला निघालेला कर्मचारी सिग्नलवर पडला तर तो कामाचा अपघात ठरू शकतो, आणि त्याच सिग्नलवर ऑर्डर घेऊन निघालेला पोरगा पडला तर तो योजनेच्या भरवशावर.