सॅन फ्रान्सिस्कोचा ज्यू चित्रपट महोत्सव: एका पुरस्कारामागचा इतिहास

सॅन फ्रान्सिस्को ज्यू चित्रपट महोत्सवाने २०११ साली हॉलिवूडचा अभिनेता कर्क डग्लसला अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा पुरस्कार दिला, तेव्हा त्याचं वय ९४ होतं. एका ज्यू महोत्सवाला या नावाचा पुरस्कार का द्यावासा वाटला, हे समजून घ्यायचं तर १९४७च्या हॉलिवूडपर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीने चित्रपटसृष्टीतले कम्युनिस्ट शोधायला घेतले. 'तुम्ही पक्षाचे सभासद आहात किंवा होतात का?' या प्रश्नाला दहा जणांनी उत्तर दिलं नाही. पुढे ते सगळे तुरुंगात गेले. दहापैकी सहा जण ज्यू होते. उरलेल्या चौघांत निर्माता एड्रियन स्कॉट आणि दिग्दर्शक एडवर्ड डमिट्रिक होते. ज्यूद्वेषावर थेट बोट ठेवणारा त्यांचा 'क्रॉसफायर' त्याच वर्षी झळकला होता. नोव्हेंबरअखेर स्टुडिओंचे प्रमुख न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलात जमले आणि या दहा जणांना काम द्यायचं नाही असं ठरवून मोकळे झाले. हॉलिवूडची 'काळी यादी' म्हणतात ती हीच. त्या प्रमुखांतले कित्येक स्वतः ज्यू होते. आपल्या देशनिष्ठेवर कोणी शंका घेईल या धास्तीने त्यांनी आपलीच माणसं वाऱ्यावर सोडली. या साऱ्या इतिहासात मनाला सर्वांत जास्त लागतं ते हेच.

पटकथाकार डाल्टन ट्रम्बो त्या दहांपैकी एक. तुरुंगातून सुटल्यावर तो टोपणनावांनी लिहीत राहिला. १९५७च्या समारंभात 'द ब्रेव्ह वन'च्या कथेचं ऑस्कर 'रॉबर्ट रिच' या लेखकाला जाहीर झालं. असा कोणी माणूस अस्तित्वातच नव्हता. लेखक संघटनेतर्फे जेसी लास्की ज्युनियरने मंचावर जाऊन रिचच्या वतीने ती बाहुली घेतली, आणि मग हा रिच कोण याचा शोध सुरू झाला. तो अर्थातच ट्रम्बो होता. १९६० साली 'स्पार्टाकस'च्या श्रेयनामावलीत त्याचं खरं नाव आलं, ते निर्माता आणि नायक असलेल्या डग्लसमुळे. 'एक्झोडस'साठी ट्रम्बोचं नाव दिग्दर्शक ओटो प्रेमिंजरने आधीच जाहीर केलं होतं, त्यामुळे काळी यादी मोडण्याचा मान कोणाचा यावर वाद आहे. काळ्या यादीला भगदाड पडलं ते या दोन चित्रपटांमुळे, एवढं मात्र खरं.

महोत्सवाची स्थापना १९८० साली डेबोरा कॉफमनने केली. जगातला हा पहिला ज्यू चित्रपट महोत्सव. हॉलिवूडमध्ये ज्यू कलावंत भरपूर होते, पण पडद्यावर ज्यू माणूस यायचा तो बहुतेकदा ठरावीक साच्यातला. कलावंत स्वतःची ज्यू नावंही बदलत. खुद्द डग्लस जन्माने इसर डॅनिएलोविच. आपल्याकडेही ज्यू अभिनेत्रींपैकी रूबी मायर्सची सुलोचना झाली आणि फ्लॉरेन्स इझिकिएलची नादिरा. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाचे, डेव्हिड अब्राहम चेऊलकर मात्र पडद्यावर 'डेव्हिड' म्हणूनच राहिले. (या मंडळींवरचा 'शालोम बॉलिवूड' हा २०१७चा माहितीपट अशाच महोत्सवांतून जगभर फिरला.) कॉफमन आणि नंतर तिच्यासोबत आलेली जॅनिस प्लॉटकिन यांनी पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या यिद्दिश भाषेतल्या जुन्या चित्रपटांपासून इस्रायली सरकारवर टीका करणाऱ्या माहितीपटांपर्यंत सगळ्याला जागा दिली. १९९० साली तर त्यांनी मॉस्कोत ज्यू चित्रपट महोत्सव भरवला. सोव्हिएत राजवट तेव्हा अजून उभी होती.

मोकळेपणाची खरी कसोटी २००९ साली लागली. गाझातल्या रफाहमध्ये २००३ साली इस्रायली लष्कराच्या बुलडोझरखाली मरण पावलेल्या रेचल कॉरी या अमेरिकी तरुणीवरचा सिमोन बिटनचा माहितीपट महोत्सवाने निवडला आणि तिच्या आईला बोलायला बोलावलं. शहरातला ज्यू समाज दुभंगला. देणगीदार चिडले, महोत्सवाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. तरी सुमारे चौदाशे आसनांच्या कॅस्ट्रो थिएटरात खेळ झाला. त्याआधी इस्रायलची बाजू मांडणाऱ्या एका वक्त्यालाही मंच दिला गेला. प्रेक्षागृहात हुर्यो उठली, टाळ्याही पडल्या. आयोजकांनी केलं ते योग्यच होतं असं मला ठामपणे वाटतं. चित्रपट मागे घेतला असता, तर डग्लसला तो पुरस्कार कोणत्या तोंडाने दिला असता? पुढच्याच वर्षी ज्यू संस्थांना अनुदान देणाऱ्या स्थानिक ज्यू फेडरेशनने इस्रायलविषयक कार्यक्रमांबाबत अनुदानाचे नवे निकष काढले, आणि त्यावरही भरपूर वाद झाला.

२०१५ साली हा पुरस्कार अभिनेत्री ली ग्रँटला मिळाला. चौकशी समितीच्या छळाने खचलेला अभिनेता जे. एडवर्ड ब्रॉमबर्ग गेला, तेव्हा शोकसभेत ती त्याच्याबद्दल बोलली आणि काळ्या यादीत गेली. पती अर्नोल्ड मॅनॉफविरुद्ध साक्ष द्यायलाही तिने नकार दिला. त्यापायी उमेदीची जवळपास बारा वर्षं हॉलिवूडची दारं तिला बंद राहिली.