‘वय झालं, नजर जायचीच’ हे अर्धसत्य

‘वय झालं की नजर जायचीच, त्यावर इलाज नाही,’ असं सर्रास ऐकू येतं. मॅक्युलर डीजनरेशनच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या झिजेच्या बाबतीत ते पूर्ण खरं नाही. या झिजेचे दोन प्रकार आहेत, ओला आणि कोरडा. ओल्या प्रकारात पटलाखाली नको त्या रक्तवाहिन्या उगवतात आणि पाझरतात. १९९१ मध्ये जगासमोर आलेलं ओसीटी स्कॅन, म्हणजे प्रकाशकिरणांनी पटलाचे थर टिपणारी तपासणी, हा पाझर डोळ्याला स्पर्श न करता दाखवतं, तेही मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, हिशेबात. २००६ मध्ये आलेल्या रॅनिबिझुमॅबसारखी इंजेक्शनं त्या वाहिन्यांना वाढवणारं प्रथिन रोखतात. डोळ्यात सुई म्हटल्यावर अंगावर काटा येतो, मान्य. पण आधी डोळा बधिर करतात. उशीर झाला तर गेलेली नजर पुरती परतत नाही, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसू लागताच तपासणी हवी. कोरड्या प्रकाराला मात्र ही इंजेक्शनं लागू पडत नाहीत.