बाप ३३चा, लेक २७ची: ‘क्रिस्टोफर स्ट्राँग’मधल्या वयांची पार्श्वभूमी

‘क्रिस्टोफर स्ट्राँग’ हा बोलपट मार्च १९३३मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. वैमानिक बाईची गोष्ट सांगणाऱ्या जुन्या हॉलिवूडपटांपैकी हा मला सगळ्यात जवळचा. पण तो पाहताना एक गोष्ट दर वेळी खटकायची. त्यातले बाप आणि लेक शेजारी उभे राहिले की भाऊ-बहीण वाटतात. शेवटी सगळ्यांच्या जन्मतारखा कागदावर मांडून बसले, तर डोळ्यांना दिसत होतं तेच खरं निघालं.

बाप, म्हणजे इंग्लंडच्या संसदेतला सर क्रिस्टोफर, झालाय कॉलिन क्लाइव्ह. जन्म जानेवारी १९००. त्याची मुलगी मोनिका झालीय हेलन चँडलर. जन्म फेब्रुवारी १९०६. म्हणजे बापलेकीत अंतर सहा वर्षांचं. आई इलेनच्या भूमिकेत बिली बर्क, जन्म ऑगस्ट १८८४. ती पडद्यावरच्या आपल्या नवऱ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी. आणि ज्या वैमानिक तरुणीच्या प्रेमात हा संसारी माणूस पडतो ती लेडी सिंथिया डॅरिंग्टन, म्हणजे कॅथरीन हेपबर्न, मे १९०७ची. सिनेमा लागला तेव्हा तिला सव्वीसही पुरी नव्हती. थोडक्यात, नायिका नायकाच्या पडद्यावरच्या मुलीहून सव्वा वर्षाने लहान.

वय हा या गोष्टीचा कणाच आहे, म्हणून हा हिशेब महत्त्वाचा. सुरुवातच होते एका बड्या घरच्या मेजवानीतल्या खेळापासून. लग्नाला बरीच वर्षं होऊनही बायकोशी एकनिष्ठ राहिलेला नवरा शोधून आणायचा, आणि विशी ओलांडूनही कधी प्रेमात न पडलेली मुलगी शोधून आणायची. मोनिका आपल्या वडिलांनाच घेऊन येते आणि दुसऱ्या बाजूने सिंथिया येते. पुरुषाची पारख लग्नाच्या वर्षांवरून आणि बाईची तिच्या वयावरून, हे पहिल्या दहा मिनिटांतच ठरून जातं.

आता क्लाइव्हला एवढ्या लवकर बाप का व्हावं लागलं? त्याचं नाव झालं ते लंडनच्या रंगभूमीवर, पहिल्या महायुद्धातल्या खंदकांवरच्या ‘जर्नीज एंड’ या नाटकात. त्यातला कॅप्टन स्टॅनहोप जेमतेम एकविशीचा, पण लढाईनं आणि दारूनं पार पिकून गेलेला. क्लाइव्हचा चेहरा त्याला तंतोतंत बसला. १९३१मध्ये तो डॉक्टर फ्रँकेन्स्टाइन झाला, तिथेही तोच झोप उडालेला, ओढलेला चेहरा. एकविशीच्या पोराच्या भूमिकेपासून उपवर मुलीच्या बापापर्यंत त्याला चार-पाच वर्षंच लागली. मला विचाराल तर त्यानं सिनेमाचं थोडं नुकसान झालं. क्रिस्टोफरच्या वागण्याला जे वजन हवं, ते फक्त दमलेल्या डोळ्यांतून येत नाही.

बिली बर्कची कहाणी मात्र चटका लावणारी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती ब्रॉडवेची लाडकी नटी होती. तिचे पती फ्लॉरेन्झ झिगफेल्ड हे तिथले बडे निर्माते. १९२९च्या शेअर बाजाराच्या पडझडीत ते बुडाले आणि बर्कला पुन्हा तोंडाला रंग लावावा लागला. जुलै १९३२मध्ये झिगफेल्ड वारले, तेव्हा ती ‘अ बिल ऑफ डिव्होर्समेंट’च्या चित्रीकरणात होती. त्यात ती कोणाची आई होती? हेपबर्नची. हेपबर्नचा तो पहिलाच सिनेमा. म्हणजे १९३२मध्ये प्रेक्षकांनी ज्या दोघींना मायलेकी म्हणून पाहिलं, त्याच दोघी काही महिन्यांत एका पुरुषाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी बर्कनं ही फसवली गेलेली बायको रडारड न करता उभी केली. ती सगळं ओळखून गप्प बसते, आणि त्या गप्पपणात तिचं खरं वय तिच्या कामी येतं.

हेपबर्नच्या वयाबद्दल मात्र माझी तक्रार नाही. मे १९३०मध्ये इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटी उडत गेलेली एमी जॉन्सन सव्वीस वर्षांची होती. कराची तिनं सहा दिवसांत गाठली, पुढे झाशीला तिला परेडच्या मैदानावर विमान उतरवावं लागलं, आणि २४ मेला ती डार्विनला पोचली. मे १९३२मध्ये अमेलिया इअरहार्टनं अटलांटिक एकटीनं पार केला तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. सिंथिया या दोघींच्याच पिढीची. एमीचं विमान ‘जिप्सी मॉथ’ जातीचं; जेआरडी टाटांनी ऑक्टोबर १९३२मध्ये कराचीहून जुहूला टपाल आणलं ते ‘पस मॉथ’मधून. सिनेमात सिंथिया एका प्रसंगी चंदेरी पतंगाचा वेश करून येते, डोक्यावर मिशा असलेली टोपी घालून. मॉथ म्हणजे पतंग, हे लक्षात आलं की तो वेश नुसता नखरा राहत नाही.

दिग्दर्शिका डोरोथी आर्झनर तेव्हा छत्तीस वर्षांची होती, हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंत एकटीच बाई दिग्दर्शक. पटकथा झोई एकिन्सची, ती शेहेचाळीसची. मूळ कादंबरी गिल्बर्ट फ्रँकाऊ या पुरुषाची, पण सिनेमाची नजर या दोघींची. एक दृश्य मी कधीच विसरणार नाही. पडद्यावर फक्त सिंथियाचा हात दिसतो, उशाचा दिवा लावणारा. मनगटावर क्रिस्टोफरनं दिलेली बांगडी. दागिन्यांची कधीच आवड नसलेली ही मुलगी म्हणते, आता मी बेडीत अडकले. चेहरा दिसत नाही, त्यामुळे वयही दिसत नाही. पुढे ती गरोदर राहते, त्याला सांगत नाही, आणि उंचीच्या विक्रमासाठी झेप घेऊन वर गेल्यावर प्राणवायूचा मुखवटा स्वतःच काढते. १९३४च्या मध्यापासून हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाली. त्यानंतर ही गोष्ट इतक्या उघडपणे सांगता आली नसती.

क्लाइव्ह जून १९३७मध्ये क्षयानं गेला, सदतिसाव्या वर्षी. त्यानंतर आठवड्याभरात इअरहार्ट पॅसिफिकवर बेपत्ता झाली. हेपबर्न शहाण्णव वर्षं जगली. मात्र कित्येक वर्षं ती आपला जन्मदिवस ८ नोव्हेंबर असा सांगत राहिली. ती तारीख होती टॉमची, तिच्या थोरल्या भावाची. तो १९२१मध्ये पंधराव्या वर्षी गेला आणि तो गेलेला आधी पाहिला तो तेरा वर्षांच्या कॅथरीननंच. १२ मे ही खरी तारीख तिनं १९९१च्या आत्मचरित्रात सांगितली.