डोळ्याच्या खोबणीतल्या गाठी: डिफ्यूजन एमआरआयच्या आकड्यांची विश्वासार्हता

डोळ्याची खोबण म्हणजे जेमतेम ३० मिलीची हाडांमधली जागा. नेत्रगोल, स्नायू, ऑप्टिक नर्व्ह, अश्रुग्रंथी, चरबी सगळं त्यातच दाटीवाटीने बसलेलं असतं, त्यामुळे इथे गाठ आली की बायोप्सी करणं दरवेळी सोपं नसतं, खासकरून गाठ मागच्या टोकाला नर्व्हला खेटून असेल तर. म्हणून मग डिफ्यूजन एमआरआय करून एडीसी नावाचा आकडा काढतात, पेशींच्या गर्दीत पाण्याचे रेणू किती मोकळे हलतात ते त्यातून कळतं. लिम्फोमात (लसिका पेशींच्या कॅन्सरमध्ये) पेशी खच्चून भरलेल्या असतात म्हणून एडीसी कमी येतो, नुसत्या सुजेत साधारण जास्त, आणि १.० × १०⁻³ चौ.मिमी/सेकंदच्या खाली आला तर कॅन्सरचा संशय वाढतो असं बरेच जण धरतात, पण दोन्हीकडचे आकडे एकमेकांत मिसळतात हे विसरून चालत नाही.

खरा प्रश्न हा की तोच पेशंट, तीच गाठ, आणि मोजणारा बदलला तर आकडा तोच येतो का.

बी व्हॅल्यू (पाण्याच्या हालचालीचा परिणाम इमेजमध्ये किती जोरात दिसावा याचं सेटिंग) ० आणि १००० अशा दोन इमेज घेतल्या आणि दुसरीत सिग्नल ३७ टक्के उरला तर एडीसी १.० येतो, ४५ टक्के उरला तर ०.८. एवढ्याशा फरकाने गाठ संशयाच्या रेषेच्या अलीकडची पलीकडे जाते, आणि एवढा फरक पडायला इथे कारणं भरपूर आहेत. शेजारी सायनसची हवा असल्याने नेहमीच्या ईपीआय (झटपट इमेज घेण्याच्या) पद्धतीत इमेज वाकडी होते, दातांच्या तारा असतील तर अजूनच, मस्कारातल्या आयर्न ऑक्साइडनेही खराब होते म्हणून मेकअप आधी धुवायलाच लावावा, आणि पेशंटने डोळे हलवले की संपलंच. वाकडेपणा कमी करायला रिझॉल्व्ह (ईपीआयचाच, पण तुकड्यातुकड्याने माहिती घेणारा प्रकार) किंवा नॉन-ईपीआय सिक्वेन्स, म्हणजे स्कॅनच्या वेगळ्या पद्धती, वापरतात, फक्त त्यांना वेळ जास्त लागतो.

सगळ्यात जास्त गडबड आरओआय काढताना होते, म्हणजे गाठीवर जो गोल काढून आकडा मोजतात तो. गाठ ६ मिमीची आणि स्लाइस ३ मिमीची असेल तर पूर्ण गाठीतली स्लाइस एखाददुसरीच मिळते, कडेला चरबी मिसळते, आणि चरबीचा सिग्नल नीट दाबला गेला नसेल तर एडीसी खोटाच खाली येतो. एकसारख्या दिसणाऱ्या भरीव गाठीत दोन रेडिओलॉजिस्टचं सहसा जुळतं पण आत रक्तस्राव किंवा पाण्याचे पोकळ भाग असलेल्या गाठीत जो तो आपल्याला 'सगळ्यात काळा' वाटेल तो ठिपका निवडतो, मग जुळणार कसं? अख्ख्या गाठीची बाह्यरेषा काढून सरासरी घेतली तर आकडा जास्त स्थिर राहतो, पण गाठीतला एखादा वाईट कोपरा त्यात लपून जाऊ शकतो.

जुळणी मोजायला आयसीसी (मोजणाऱ्यांचे आकडे किती जुळतात ते सांगणारा, १ म्हणजे पूर्ण जुळणी असा आकडा) वापरतात आणि ०.९ च्या वर गेला की उत्तम म्हणतात. तिथे जरा सांभाळून, कारण नमुन्यात पाण्याच्या सिस्टपासून लिम्फोमापर्यंत सगळंच घेतलं तर आयसीसी आपोआप फुगतो. ब्लँड-ऑल्टमन आलेखात मात्र दोघांच्या आकड्यांतला फरक सरळ दिसतो, आणि तो फरक ०.२ असेल तर उपचारानंतर एडीसी ०.१ ने वाढला म्हणून औषध लागू पडलं असं म्हणता येत नाही.