खाण्याजोगी अळंबी: सतत बदलत गेलेला एक निकाल

युलिउस शेफर या जर्मन अभ्यासकाची हयात अळंबी ओळखण्यात गेली. ऑक्टोबर १९४४मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने एका तपकिरी, कडा आत मुडपलेल्या रानअळंबीचं जेवण केलं. ओळखण्यात गफलत झाली नव्हती. ती होती पॅक्सिलस इनव्होल्यूटस, मध्य आणि पूर्व युरोपात पिढ्यान्‌पिढ्या शिजवून खाल्ली गेलेली जात. थोड्याच वेळात उलट्या सुरू झाल्या, आणि सतराव्या दिवशी मूत्रपिंडं निकामी होऊन शेफर गेले. असं का झालं हे कळायला आणखी काही दशकं लागली. ही अळंबी वारंवार खाल्ली की काहींच्या शरीरात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि एक दिवस स्वतःच्याच तांबड्या पेशी फुटू लागतात. म्हणजे दहा वेळा पचलेलं ताट अकराव्या वेळी जीव घेऊ शकतं.

रानातल्या अळंबीचा इतिहास मला या प्रसंगापासून मागे वाचावासा वाटतो. ठार मारणाऱ्या जाती कोणत्या, हे माणसाला फार पूर्वीच बऱ्यापैकी उमगलं होतं. खाण्याजोग्या कोणत्या, हा निकाल मात्र आजवर फिरतोच आहे.

खाण्याची सुरुवात कधी झाली याचा एक पुरावा दातांवर मिळतो. उत्तर स्पेनमधल्या एल मिरोन गुहेत सुमारे १८,७०० वर्षांपूर्वी पुरलेल्या एका स्त्रीच्या दातांवरच्या किटणात अळंबीचे बीजाणू, म्हणजे तिच्या बीसारखे सूक्ष्म कण, सापडले. आल्प्समध्ये १९९१ साली बर्फातून वर आलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ नावाच्या माणसाच्या शवाजवळही झाडावर वाढणाऱ्या कवकाचे (अळंबीच्याच वर्गातल्या बुरशीचे) तुकडे होते, पण ते खाण्यासाठी नसावेत. एक कवक तर विस्तव पेटवायच्या सामानातलं होतं.

रोमनांना मात्र अळंबीचं वेड होतं. त्यांची लाडकी जात केशरी टोपीची. आजही तिच्या शास्त्रीय नावात ‘सीझर’ आहे. सम्राट क्लॉडियस इसवी सन ५४मध्ये मेला तो अळंबीतून घातलेल्या विषाने, असं रोमन इतिहासकार सांगतात. खरं असेल-नसेल, राजवाड्यातल्या मृत्यूंच्या कथा जरा जपूनच घ्याव्यात. पण ही कथा लोकांना पटली, कारण पटण्यासारखी होती. सीझरची अळंबी आणि जगात सर्वाधिक बळी घेणारी डेथ कॅप या एकाच कुळातल्या. दोन्ही जमिनीतून पांढऱ्या अंड्यासारख्या वेष्टनात वर येतात. ते अंडं उभं चिरलं तर एकीत पिवळ्या बलकासारखा केशरी रंग दिसतो, दुसरीत पांढरट-हिरवट. न चिरता टोपलीत टाकलं तर फरक कळायचा नाही.

चीनमध्ये १२४५ साली चेन रेन्यूने केवळ अळंबीवर एक पुस्तिका लिहिली. १३१३च्या वांग झेनच्या शेतीग्रंथात ओंडक्यावर शिताके ही अळंबी पिकवण्याची रीत आहे. युरोपात अळंबीचा असा सविस्तर अभ्यास छापून यायला १६०१ साल उजाडलं. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने हंगेरीच्या परिसरातल्या अळंब्यांची खाद्य आणि विषारी अशी सरळ विभागणी केली. त्याच सुमारास, १५९७मध्ये, इंग्लंडात जॉन जेरार्ड हा वनस्पतींचा जाणकार मात्र लिहीत होता की खाण्यासारख्या थोड्याच, बहुतेक गळा आवळणाऱ्या. हा भेद खोलवर मुरला. न्यूयॉर्कचे, पुढे बँकर झालेले, गॉर्डन वॉसन १९२७ साली नवपरिणीत पत्नीबरोबर डोंगरात गेले. रशियात जन्मलेल्या व्हॅलेंतिनाने ओंजळभर रानअळंबी गोळा करून शिजवली आणि एकटीने खाल्ली. सकाळी आपण विधुर असू, असं वॉसनना वाटलं होतं. त्या एका रात्रीच्या धास्तीतून दोघांनी पुढे तीस वर्षं अभ्यास केला, आणि अळंबीवर जीव टाकणारे समाज व तिला घाबरणारे समाज अशी मांडणी केली.

अळंबी विजेच्या कडकडाटातून किंवा कुजण्यातून आपोआप उगवते, हा समज फार टिकला. १७२९मध्ये मिकेली या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने खरबुजाच्या फोडींवर बीजाणू पेरून बुरशी वाढवून दाखवली, तरीही तो लगेच गेला नाही. बी दिसत नाही, मूळ दिसत नाही, काल नव्हती आणि आज आहे. अशा वस्तूवर घरगुती परीक्षांचं रान माजणारच. चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण रंग बदलतो का, साल सुटते का, किड्यांनी खाल्लं आहे का. एकही परीक्षा खरी नाही. चांदी काळवंडते ती गंधकाने. डेथ कॅपमधल्या अमाटॉक्सिन या विषाशी तिचं देणंघेणं नाही. ज्या किड्याला ते विष बाधत नाही, तो ती अळंबी सुखाने पोखरतो.

परीक्षेपेक्षा घातक म्हणजे जाणकाराचा आव. १७६७ साली पॅरिसमध्ये योहान शोबर्ट हा संगीतकार मित्रांसह रानात अळंबी गोळा करून खाणावळीत गेला. आचारी म्हणाला, या विषारी आहेत, मी शिजवणार नाही. दुसरीकडेही तेच उत्तर मिळालं. बरोबरच्या डॉक्टर मित्राने मात्र छातीठोकपणे चांगल्या असल्याचं सांगितलं, म्हणून घरी सूप झालं. शोबर्ट, त्याची पत्नी आणि जेवायला बसलेल्यांपैकी आणखी काहीजण मेले. पदवी नसलेला आचारी बरोबर होता.

डेथ कॅपचा डाव असा की पहिले सहा ते बारा तास काहीच होत नाही. मग दिवसभर उलट्या-जुलाब, मग उतार पडल्यासारखं वाटतं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृत ढासळतं. शिजवून, वाळवून, गोठवून ते विष जात नाही.

इतर ठिकाणी चुलीने पुष्कळ वाचवलं आहे, आणि फसवलंही आहे. अळंबीच्या पेशींची भिंत कायटिनची असते. खेकड्याच्या कवचातला हा पदार्थ सर्वप्रथम सापडला तो अळंबीतच, १८११मध्ये, आंरी ब्राकोनोला. त्यामुळे कच्ची अळंबी पोटाला जड जाते, आणि तासभर शिजवली तरी भाजीसारखी गळत नाही. मॉरेल ही महाग रानअळंबीसुद्धा कच्ची बाधते. जायरोमित्राची गोष्ट तर अजबच. मेंदूसारख्या वळ्यांच्या या तांबूस अळंबीला पर्सून या कवकशास्त्रज्ञाने १८०० साली ‘एस्क्युलेंटा’, म्हणजे खाद्य, असं नाव दिलं आणि ते अजून तसंच आहे. तिच्यातल्या द्रव्यापासून जे विष तयार होतं ते रॉकेटच्या इंधनातही वापरतात. फिनलंडमध्ये ती इशाऱ्यासह बाजारात मिळते. तिच्या तिप्पट पाण्यात किमान पाच मिनिटं उकळायची, पाणी ओतून द्यायचं, धुवायची, पुन्हा नव्या पाण्यात उकळायची, आणि खिडक्या उघड्या ठेवायच्या, कारण वाफही बाधते. स्पेनमध्ये तिच्या विक्रीवर बंदी आहे.

एवढा धोका असताना सरळ शेती का नाही? बटण अळंबी पॅरिसच्या जुन्या दगडखाणींत पिकू लागली, कारण ती खतावर जगते. पोर्चिनी, शँतरेल, मात्सुताके या आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या रानअळंब्या मात्र जिवंत झाडाच्या मुळांशी भागीदारी करून वाढतात. प्रशियात ट्रफल या जमिनीखाली वाढणाऱ्या कवकाची लागवड करता येईल का हे शोधताना आल्बर्ट फ्रांक यांना ही भागीदारी नीट दिसली आणि १८८५मध्ये त्यांनी तिला ‘मायकोरायझा’ हे नाव दिलं. म्हणूनच पोर्चिनी, शँतरेल आणि मात्सुताके अजूनही रानातूनच वेचून आणाव्या लागतात. वेचल्याने त्या संपतात ही भीतीही जुनी. स्वित्झर्लंडमध्ये २९ वर्षं मोजणी केली तेव्हा खुडण्याने पुढचं पीक घटलं नाही. पायाखाली तुडवलेल्या जागी मात्र त्या मोसमात कमी उगवली.

यादी अजून बदलतेच आहे. पिवळीधमक ट्रायकोलोमा एक्वेस्त्रे ही अळंबी युरोपात शतकानुशतकं मानाची होती. २००१मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी बारा रुग्णांची हकीकत छापली. लागोपाठ काही जेवणांत तिच्यावर ताव मारल्यावर त्यांचे स्नायू विरघळू लागले होते, तिघे दगावले. आणि २०१४मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातल्या संशोधकांनी दुकानातून आणलेल्या वाळवलेल्या चिनी पोर्चिनीच्या एका पाकिटातले पंधरा तुकडे डीएनएने तपासले. त्यांत तीन जाती निघाल्या, आणि तिन्हींना तोवर शास्त्रीय नावच नव्हतं. त्या वेचून, वाळवून, दूरदेशी विकून लोक त्या आधीपासूनच खात होते.