इंकहॉर्न शब्द

इंकहॉर्न शब्द : सोळाव्या शतकातील इंग्रज लेखकांनी मुख्यतः लॅटिनमधून व काही प्रमाणात ग्रीकमधून उचललेल्या, पंडिती डौलाच्या शब्दांना मिळालेले उपहासाचे नाव. इंकहॉर्न म्हणजे शिंगाची दौत. बोलण्यात कधी न येणारा, दौतीतूनच थेट कागदावर उतरलेला शब्द, असा त्यातला टोमणा. हे नाव 1540 नंतरच्या दशकात रूढ झाले असावे.

टॉमस विल्सनने 1553 च्या वक्तृत्वविषयक ग्रंथात अशा शब्दांनी ठासून भरलेले एक अर्जवजा पत्र दिले आहे. पत्र लिंकनशरच्या एका इसमाचे असल्याचे तो सांगतो. ते बहुधा त्यानेच रचले असावे. त्यातील इन्जेंट (अफाट), ऑब्टेस्टेट (कळवळून विनवणे), रेव्होल्यूट (मनात घोळवणे) हे शब्द लोपले. सेलिब्रेट, एक्स्टॉल, डेक्स्टेरिटी मात्र आज कोणाला खटकत नाहीत. बेन जॉन्सनच्या ‘पोएटास्टर’ (1601) नाटकात एका कवीला गोळ्या देऊन त्याचे शब्द ओकायला लावले आहेत. त्यांत ऑब्लेट्रंट (भुंकणारा), फ्युरिबंड (संतप्त) यांच्या पंगतीला स्ट्रेन्यूअस, रेसिप्रोकल आणि क्लम्झीही आहेत. यातला क्लम्झी तर लॅटिन कुळातला नव्हेच. तेव्हा जॉन्सनचा राग उगमापेक्षा नवखेपणावर होता, असे मानणे सयुक्तिक.

यातील कोणते शब्द थेट लॅटिनमधून आले आणि कोणते फ्रेंचच्या मार्गाने, हा जुना वाद आहे. ‘-एट’ने संपणारी क्रियापदे लॅटिन कर्मणी धातुसाधितांवरून (-आतुस) बेतलेली असल्याने ती थेट लॅटिन धरण्याचा प्रघात आहे. थकवणे या अर्थी फॅटिगेट (लॅ. फातिगातुस) व फ्रेंचवरून आलेले फटीग ही जोडी त्याचे चांगले उदाहरण होय. फॅटिगेट शेक्सपिअरच्या ‘कोरिओलेनस’मध्ये आढळते, पण पुढे फटीगच टिकले. तथापि हा साचा एकदा रुळल्यावर फ्रेंच क्रियापदांनाही ‘-एट’ जोडले जाऊ लागले. त्यामुळे केवळ प्रत्ययावरून निर्णय देऊ नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

विरोधकांपैकी जॉन चीकने 1557 च्या पत्रात निर्भेळ इंग्रजीचा आग्रह धरला. त्यासाठी त्याने वापरलेला प्युअर हा शब्दही मुळात लॅटिनच. मॅथ्यूच्या शुभवर्तमानाच्या भाषांतरात त्याने लूनॅटिक (वेडा) ऐवजी मून्ड, सेंच्युरियन (शंभर सैनिकांचा नायक) ऐवजी हंड्रेडर, रेझरेक्शन (पुनरुत्थान) ऐवजी गेनरायझिंग असे शब्द योजले. हे भाषांतर 1843 पर्यंत छापलेच गेले नाही. राल्फ लीव्हरने 1573 मध्ये तर्कशास्त्राला विटक्राफ्ट व निष्कर्षाला एंडसे म्हटले. तेही चालले नाही.

रॉबर्ट कॉड्रीचा सुमारे 2,500 शब्दांचा कोश (1604) हा पहिला एकभाषी इंग्रजी कोश समजला जातो. तो अवघड शब्दांपुरताच होता. जॉन बुलोकरने 1616 मध्ये वापरातून गेलेल्या जुन्या शब्दांवर तारांकन केले. हेन्री कॉकरमच्या 1623 च्या कोशात ॲबेक्विटेट (घोड्यावर बसून निघून जाणे), कोमोट्रिक्स (मालकिणीचा साजशृंगार करणारी दासी) असे शब्द आहेत. अशांपैकी बरेच लॅटिन-इंग्रजी कोशांतील लॅटिन शब्दांना इंग्रजी शेपूट लावून घडवलेले दिसतात, आणि ते कोशाबाहेर कोणी वापरले असतील का याची शंकाच आहे. सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या कोशात केवळ पूर्वीच्या कोशांच्या आधारावर घेतलेल्या शब्दांपुढे ‘डिक्ट.’ (डिक्शनरी, म्हणजे कोश) एवढीच खूण केली.