टाकणखार ताटातून कसा गेला: पार्श्वभूमी

सोनाराकडची सवागी आणि वैद्यांचा टंकण, म्हणजेच टाकणखार (बोरॅक्स), शतकानुशतके तिबेटच्या सरोवरांकाठून आणि लडाखच्या पुगा खोऱ्यातून मेंढ्यांच्या पाठीवर लादून हिमालयाखाली येत होता. युरोपला जाणारा माल व्हेनिसमध्ये शुद्ध होई. तोवर तो महाग होता, म्हणून तो खाण्यात घालायचा प्रश्नच नव्हता.

कॅलिफोर्नियाच्या कोरड्या तळ्यांनी हे बदलले. १८८३ ते १८८९ या काळात डेथ व्हॅलीतून खेचरांच्या लांबलचक गाड्यांनी माल निघू लागला, भाव कोसळला आणि बोरॅक्स धुलाईबरोबर मांस, लोणी, दुधातही शिरला. शिळ्या मांसाचा वास तो दाबतो, हे व्यापाऱ्यांना सोयीचे होते. ग्राहकाला मात्र कोणी काही सांगत नव्हते.

१९०२ साली जर्मनीने बोरॅक्स घातलेल्या मांसावर बंदी घातली. आरोग्याच्या नावाखाली आपला माल अडवला जातोय, अशी अमेरिकन निर्यातदारांची तक्रार होती. तिच्यात तथ्य नव्हतेच असे नाही, कारण जर्मन पशुपालकांनाही ही बंदी हवीच होती. त्याच वर्षाच्या अखेरीस वॉशिंग्टनमध्ये कृषी खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांनी बारा तरुण स्वयंसेवकांना तळघरातल्या भोजनगृहात जेवू घालून बोरॅक्सची चाचणी सुरू केली. आधी तो लोण्यात लपवला, तर मुले लोणी टाळू लागली. शेवटी कॅप्सूल द्यावी लागली. मात्रा वाढली तशी भूक मेली, डोके दुखू लागले, पोट जड झाले.

या प्रयोगावर आजही वाद घालता येतो. माणसे थोडी होती, आपण काय खातोय हे त्यांना ठाऊक होते आणि तुलनेसाठी बोरॅक्स न खाणारा वेगळा गट नव्हता. बोरॅक्स उद्योगाने हेच मुद्दे लावून धरले. तरीही मला ही टीका अपुरी वाटते. रोज, नकळत, आयुष्यभर खाल्ले जाणारे द्रव्य निरुपद्रवी आहे हे विकणाऱ्याने सिद्ध करायचे, की ते घातक आहे हे खाणाऱ्याने, हा खरा प्रश्न होता. १९०६ च्या अन्न व औषध कायद्यामागे या प्रयोगाने जागे केलेले जनमतही होते.

ब्रिटनने १९२५ च्या नियमांनी परिरक्षक (अन्न टिकवणारे द्रव्य) म्हणून बोरॅक्सला दार बंद केले. दुसऱ्या महायुद्धातल्या टंचाईत काही पदार्थांपुरते ते पुन्हा किलकिले झाले.

पुढचा वाद प्रजननक्षमतेचा. प्राण्यांवरील अभ्यासांच्या आधारे युरोपीय संघाने बोरेटांना, म्हणजे बोरॅक्सच्या कुळातल्या क्षारांना, प्रजननास घातक ठरवले आणि २०१० मध्ये बोरॅक्स अतिचिंतेच्या पदार्थांच्या यादीत गेला. सर्वांत मोठे साठे असलेल्या तुर्कस्तानने विरोध केला. त्या अभ्यासांतल्या मात्रा फार मोठ्या होत्या, हा उद्योगाचा आक्षेप होता.

भारतात अन्नात बोरॅक्स घालायला परवानगी नाही. युरोपात ती उरली आहे फक्त स्टर्जन माशाच्या अंड्यांसाठी, किलोला ४ ग्रॅमपर्यंत.